शेकोटीपासून बादलीपर्यंतचं अंतर

पावसाळ्यानंतर पवना धरणात साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी असतं. पिंपरी-चिंचवडची तहान त्यावर भागते. याच पाण्याच्या काठावर, तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर यांच्या मधल्या खाचरांत आणि माळांवर, दिवाळी उलटली की दर शनिवारी तंबूंच्या रांगा उभ्या राहतात. उन्हं कलताना गाड्या लागतात, अंधार पडता पडता बार्बेक्यूचे कोळसे फुलतात, जेवणानंतर शेकोटी पेटते. तंबूंवरून दिव्यांच्या माळा गेलेल्या असतात आणि त्यांची वायर दवानं ओल्या झालेल्या गवतातून आलेली असते. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वयंपाक चालतो. तिथे दोन-तीन सिलिंडर आणि कांदाभज्यांसाठी तापलेल्या तेलाची कढई. धरण हाकेच्या अंतरावर आहे, पण शेकोटीपाशी भरून ठेवलेली बादली क्वचितच दिसते.

काही ठिकाणी लाल अग्निशामक असतोही. तो असतो फाटकाजवळच्या खोलीत, खिळ्याला टांगलेला, पुढे प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत. तो कुणी शेवटचा कधी हातात घेतला होता, हे तिथल्या पोरांना विचारलं तर ती एकमेकांकडे पाहतात. या पोरांचा त्यात दोष नाही. त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं आणि येणाऱ्या पाहुण्यांपैकी कुणी ते विचारतही नाही. पाहुणे विचारतात ते चिकन किती मिळणार आणि गाणी किती वाजेपर्यंत चालतील.

या विषयात मला मनापासून सांगायचं आहे ते एवढंच, की अग्निशामक किती किलोचा आहे यापेक्षा तो किती पावलांवर आहे हे महत्त्वाचं. एक-दोन किलोचा पावडरचा सिलिंडर आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो. तो बनवलेलाच असतो नुकत्या लागलेल्या आगीसाठी: शेगडीवर भडकलेल्या, पडद्याला नुकत्या शिवलेल्या, गवताच्या एका चटईएवढ्या आगीसाठी. खोलीपर्यंत धावत जाऊन, खुर्च्या बाजूला करून, खिळ्यावरून काढून तो आणेपर्यंत आग त्याच्या ताकदीबाहेर गेलेली असते. आणि लोणावळ्याहून किंवा तळेगावहून निघालेला बंब वळणावळणाच्या अरुंद रस्त्यानं, शनिवारच्या गर्दीतून, धरणाच्या मागच्या अंगाला पोहोचेपर्यंत बहुधा विझवण्यासारखं काही उरलेलं नसतं. शहरात आपण नकळत अग्निशमन दलाच्या भरवशावर राहतो. तंबूत राहायला जाताना तो भरवसा मागेच राहतो, आणि हे निघण्यापूर्वी लक्षात घ्यायला हवं.

आता तंबूच्या कापडाबद्दल. आजचे बहुतेक तंबू पॉलिएस्टरचे किंवा नायलॉनचे असतात. हे धागे साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतात. पेटलेल्या तंबूचे वितळलेले थेंब खाली गळतात, अंगाला लागले की चिकटतात आणि कातडीसकट निघतात. आत फोमच्या गाद्या आणि सिंथेटिक पांघरुणं, बाहेर पडायला एकच चेन, आणि ती चेन झोपेतल्या माणसाला काळोखात सापडायला हवी. अशा तंबूला आग लागली तर मिनिटाच्या हिशेबात बोलण्यात अर्थ नाही, सेकंदांचाच हिशेब करावा लागतो.

कापडाच्या छताखालच्या आगींचा इतिहास फार दुःखद आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात ६ जुलै १९४४ रोजी सर्कशीच्या तंबूला आग लागली. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून त्याच्या कापडाला पेट्रोलमध्ये विरघळवलेलं मेण फासलेलं होतं. दहा मिनिटांच्या आत तंबू संपला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली, त्यांत लहान मुलं बरीच होती. पुढे तिथे कापडाच्या ज्वलनशीलतेचे नियम कडक होत गेले आणि कॅम्पिंगच्या तंबूंसाठी ‘सीपीएआय-८४’ नावाचं मानक आलं. आपल्याकडे २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवाली इथे शाळेच्या स्नेहसंमेलनात सिंथेटिक मांडवानं पेट घेतला. चारशेहून अधिक जीव गेले, बहुतेक मुलं आणि त्यांच्या आया. आणि अगदी अलीकडे, १९ जानेवारी २०२५ रोजी, प्रयागराजच्या कुंभमेळ्यात सेक्टर १९ मधल्या तंबूंना आग लागली, सिलिंडर फुटले आणि शेजारचे तंबू एकामागून एक पेटले. तिथे जीवितहानी झाली नाही, कारण अग्निशमन दलाच्या गाड्या मेळ्यातच उभ्या होत्या. माळावरच्या कॅम्पमध्ये आपल्याला ही सोय नाही.

तंबू विकत घेताना कापडावर ज्वालारोधक प्रक्रिया केली आहे का, हे लेबलावर पाहावं. असं कापड पेटतच नाही असं नव्हे. ते उशिरा पेटतं आणि ज्वाळा दूर झाली की जळायचं थांबतं. तंबू भाड्याचा असेल तर लेबल पाहायला मिळणं कठीण, म्हणून अंतरावर भर द्यावा. ब्रिटनमधल्या कॅम्पच्या जागांवर दोन तंबूंमध्ये किंवा कॅरॅव्हॅनमध्ये ६ मीटर जागा सोडण्याची शिस्त आहे. आपल्याकडे तंबूंच्या दोऱ्या एकमेकींत अडकलेल्या असतात, कारण जमिनीचा प्रत्येक तुकडा शनिवारी पैसे देतो. मालकाची ओढाताण मला कळते. गावातल्या माणसाला भातखाचरातून वर्षाकाठी जे मिळत नाही ते या तीन-चार महिन्यांत मिळतं. तरीही एका रांगेत दोन तंबू कमी लावले तर एका तंबूची आग दुसऱ्यापर्यंत जायला अडसर होतो. हा व्यवसाय दहा वर्षं टिकवायचा असेल तर तेवढी जागा सोडणं परवडतं.

आणि तंबूच्या आत ज्वाळा किंवा निखारा काहीही नको. मेणबत्ती नको, सिगारेट नको, डासांची पेटती कॉइलसुद्धा नको. कॉइल निरुपद्रवी वाटते, पण ती रात्रभर जळत असते आणि झोपेत हात-पाय हलतात. पांघरुणाचं टोक तिच्यावर आलं की काम झालं.

निखाऱ्यांबद्दल आणखी एक धोका आहे, त्यात ज्वाळा दिसतही नाही. भंडारदऱ्याकडे, कळसूबाईच्या पायथ्याशी पौषात थंडी कडक पडते. मग कुणीतरी बार्बेक्यूची शेगडी, आता ज्वाळा नाहीत म्हणून, तंबूत घेतं आणि चेन लावून घेतं. धुमसणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आधी सुस्तावतो, मग झोपतो आणि उठत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमन इथे केरळहून गेलेल्या आठ पर्यटकांचा, मुलांसकट, बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपल्यामुळे गुदमरून मृत्यू झाला. खोलीत हे होतं, तर तंबूत किती सहज होईल. ऊब हवी तर जाड पांघरूण, लोकरीचे मोजे आणि गरम पाण्याची पिशवी घ्यावी.

आता स्वयंपाकाकडे वळतो, कारण कॅम्पवरची आग बहुधा तिथेच सुरू होते आणि तिथेच ती विझवता येते.

मित्रांचा गट स्वतःच स्वयंपाक करणार असेल तर बहुधा ब्यूटेनच्या डब्यावर चालणारी पेटीसारखी शेगडी बरोबर असते. डबा शेगडीच्या शेजारच्या कप्प्यात बसतो. दहा जणांचा रस्सा करायचा म्हणून शेगडीपेक्षा मोठं पातेलं किंवा लांबरुंद तवा वर ठेवला की त्याची धग थेट त्या कप्प्यावर येते, डबा तापतो, आतला दाब वाढतो आणि डबा फुटू शकतो. दोन शेगड्या चिकटवून वर एक मोठा तवा ठेवणं हेही तसंच. पातेलं शेगडीच्या आकारातच मावायला हवं. उन्हात उभ्या बंद गाडीत हे डबे ठेवू नयेत, त्यांच्यावर ५० अंशांची मर्यादा छापलेलीच असते.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर निघून जात नाही, जमिनीवरून सरकत उताराकडे जातो आणि खोलगट जागी साठतो. म्हणून सिलिंडर तंबूंच्या वरच्या अंगाला ठेवू नये आणि शेगडी तंबूच्या दारात मांडू नये. गळती पाहायची तर साबणाचं पाणी लावून, काडी ओढून कधीच नाही. नळी किंवा रेग्युलेटरपाशी पेटलं असेल तर पहिलं काम व्हॉल्व्ह बंद करणं. गॅस चालू ठेवून फक्त ज्वाळा मारली तर गॅस साठत राहतो आणि पुढची ठिणगी सगळं एकदम उडवते. अग्निशामकाची पावडर व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचवण्यासाठी वापरावी, व्हॉल्व्ह बंद करण्याऐवजी नव्हे.

तेलाची कढई पेटली तर पाणी अजिबात नको. तापलेल्या तेलात गेलेलं पाणी खाली बसतं, क्षणात वाफ होतं आणि ती वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा घेते. पेटतं तेल छपरापर्यंत उसळतं. गॅस बंद करायचा, कढईवर मोठं झाकण किंवा परात बाजूनं सरकवायची आणि ती गार होईपर्यंत उचलायची नाही. भजी तळायला घेण्याआधी परात शेजारी उभी करून ठेवणं ही मी पाहिलेली सर्वांत स्वस्त अग्निसुरक्षा आहे.

राहिला अग्निशामक. कॅम्पसाठी ‘एबीसी’ पावडरचा घ्यावा. लाकूड-कापड, पेट्रोल-तेल आणि गॅस या तिन्ही प्रकारच्या आगींवर तो चालतो. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर कचेरीतल्या विजेच्या पॅनेलला उत्तम, पण उघड्यावर वाऱ्याबरोबर त्याचा वायू निघून जातो, शिवाय वजनाला तो फार जड. कुटुंबानं गाडीतून न्यायला दोन किलोचा पुरतो. तो डिकीत सामानाखाली नको, चालकाच्या सीटखाली पट्ट्यानं बांधलेला हवा, आणि तळावर पोहोचल्यावर सगळ्यात आधी तो गाडीतून बाहेर काढावा. कॅम्प चालवणाऱ्यानं स्वयंपाकाच्या शेडसाठी चार किंवा सहा किलोचा ठेवावा. त्याची जागा शेडच्या दारात, बाहेरच्या अंगाला, म्हणजे तो घ्यायला कुणाला आगीच्या जवळ जावं लागणार नाही.

घेताना आयएसआयचं चिन्ह पाहावं. दाबाच्या घड्याळातला काटा हिरव्या पट्ट्यात हवा. गाडीच्या धक्क्यांनी पावडर तळाशी बसून घट्ट होते, म्हणून अधूनमधून सिलिंडर उलटा करून हलवावा. वापरताना वारा पाठीशी घ्यावा, हे उघड्यावर सगळ्यात महत्त्वाचं. दोन-तीन मीटरवर उभं राहून पिन ओढायची, नळीचं तोंड ज्वाळांच्या शेंड्याकडे नव्हे तर मुळाशी धरायचं, खटका दाबायचा आणि केर काढताना झाडू फिरतो तसं डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरकायचं. विझल्यावर पाठ फिरवायची नाही. पावडर ज्वाळा मारते, पण लाकडातली आणि गादीतली उष्णता काढून घेत नाही, त्यामुळे ती पुन्हा पेटते. पावडरीमागून पाणी हवंच.

म्हणून बादली. जुन्या कारखान्यांत आणि सिनेमागृहांत लाल रंगाच्या, गोल बुडाच्या नऊ लिटरच्या बादल्या टांगलेल्या असायच्या. बूड गोल अशासाठी, की ती जमिनीवर ठेवता येऊ नये आणि कुणी फरशी पुसायला पळवू नये. कॅम्पवरही बादलीला तेवढाच मान हवा. शेकोटी पेटण्याआधी दोन भरलेल्या बादल्या आणि एक फावडं शेजारी असावं, आणि त्या बादलीत कुणी बाटल्या थंड करायला ठेवू नयेत. ओली लाकडं पेटत नाहीत म्हणून शेकोटीवर पेट्रोल किंवा रॉकेल ओतणारा उत्साही माणूस प्रत्येक गटात असतो. त्याच्या हातातून डबा काढून घेणं हे मैत्रीचंच काम. पेट्रोलची वाफ आधी पसरते, मग पेटते, आणि ज्वाळा धारेवरून उलटी डब्याकडे येते.

कपड्यांनी पेट घेतला तर धावायचं नाही. जागीच थांबायचं, आडवं व्हायचं, हातांनी चेहरा झाकून लोळायचं. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी धरायचं. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांतलं काहीही लावायचं नाही. त्यानं जखम बिघडते आणि डॉक्टरांना ती धुण्यात वेळ घालवावा लागतो.

इथवरचं सगळं कॅम्पच्या कुंपणाआतलं झालं. कुंपणाबाहेर डोंगर आहे, आणि तिथे दोन किलोचा काय, वीस किलोचा सिलिंडरही उपयोगाचा नाही.

सह्याद्रीतलं गवत दिवाळीत अजून ओलं असतं. मार्गशीर्षात ते पिवळं पडतं आणि माघापासून पुरतं वाळतं. फुलून गेलेल्या वर्षानंतरची कारवी जागच्या जागी सुकून उभी असते. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत वनखात्याची माणसं वणव्याच्या धास्तीत असतात. त्याआधी ती जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचे पट्टे मुद्दाम साफ करून आगीची वाट तोडून ठेवतात. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांनी टिपलेल्या आगींचे संदेश मोबाइलवर पाठवतं. पण शेवटी वणव्यापुढे उभे राहतात ते वनरक्षक, वनमजूर आणि गावातली माणसं, हातात हिरव्या फांद्या घेऊन, कधी ब्लोअर घेऊन, काळोखात, कड्यांच्या कडेला.

वणवे फक्त पर्यटकांमुळे लागत नाहीत. भाताच्या रोपांसाठी राब भाजताना आग हातची सुटते. जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, ही समजूत अजून आहे. पण गावाच्या चुकीची झळ गावालाही लागते. पाहुण्याच्या शेकोटीतून उडालेली ठिणगी मात्र ज्याच्या पेंढ्याची उडवी जाळते, त्याचं नावही पाहुण्याला ठाऊक नसतं. त्या पेंढ्यावर जनावरांचा उन्हाळा काढायचा असतो. जमिनीवर घरटी करणाऱ्या टिटव्या आणि तित्तरांचा विणीचा काळही वणव्याच्या महिन्यांतच येतो.

डोंगरात वारा दिवसा दरीतून वर वाहतो आणि रात्री हवा गार झाली की उतारावरून खाली येतो. संध्याकाळी ज्या शेकोटीच्या ठिणग्या तंबूंपासून दूर जात होत्या, तिच्याच ठिणग्या रात्री दहाला तंबूंकडे येऊ शकतात. चढावर आग अधिक वेगानं जाते. दर दहा अंश उताराला तिचा वेग साधारण दुप्पट होतो असा अग्निशमनातला ठोकताळा आहे. म्हणून वणवा खालून येत असेल तर वर पळणं जिवावर बेततं. आडव्या दिशेनं उघड्या कातळाकडे, नांगरलेल्या शेताकडे, पाण्याकडे, किंवा आधीच जळून काळ्या झालेल्या जमिनीकडे जायला हवं.

११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या तेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात, कोळुक्कुमलैहून उतरणारे ट्रेकर वणव्यात सापडले. चेन्नई, इरोड, तिरुप्पूरकडून आलेली तरुण मुलंमुली होती ती. उतारावर उंच वाळकं गवत होतं आणि ऐन उन्हाळ्यातला वारा. घबराटीत गट फुटला, वाटा चुकल्या. हवाई दलाची हेलिकॉप्टर आली, तरी वीसहून अधिक जण गेले. त्या वाटेला रीतसर परवानगी घेतलेली नव्हती. शनिवार-रविवारी शंभरेक माणसांना राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडाला नेणाऱ्या प्रत्येक संयोजकानं या घटनेचा अभ्यास करायला हवा. मार्चमध्ये ट्रेक ठेवताना वनखात्याला आगीची स्थिती विचारणं आणि परतीची दुसरी वाट ठरवून ठेवणं ही त्याची जबाबदारीच आहे. महाराष्ट्रात वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे. तो क्रमांक फोनमध्ये असायलाच हवा, ११२ आणि १०१ च्या शेजारी.

एका माणसाची साधी शेगडी काय करू शकते याचं उदाहरण चिलीमधल्या तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानात आहे. २००५ मध्ये एका पर्यटकानं मनाई असलेल्या जागी तंबू ठोकला. सोसाट्याच्या वाऱ्यात त्याची शेगडी कलंडली आणि सुमारे १५ हजार हेक्टर जळालं. त्याच्या देशाच्या सरकारनं, म्हणजे चेक प्रजासत्ताकानं, पुढे तिथे झाडं लावायला मदत केली. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात योसेमिटीजवळ एका शिकाऱ्यानं बंदी असताना लावलेली शेकोटी हातची गेली आणि लाखभर हेक्टर रान जळालं. दोन्ही ठिकाणी माणसाला आग लावायची नव्हती. त्याला चहा-जेवणापुरती धग हवी होती.

आपला कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ नुसार राखीव वनात मनाई असताना विस्तव पेटवणं, बाळगणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचं कलम ३० अभयारण्यांना लागू आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. काजवे पाहायला तिथे हजारोंनी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. अभयारण्यात, गडावर, गवताळ पठारावर शेकोटी नको, आणि उडते कंदील तर कुठेच नकोत. पेटता कागद वाऱ्यावर सोडून द्यायचा आणि तो कुठे उतरेल हे ठाऊक नसावं, यात मला तरी आनंद दिसत नाही.

शेकोटी विझवण्याबद्दल आपल्याकडे एक चुकीची सवय घट्ट आहे: माती किंवा वाळू टाकायची आणि झोपायला जायचं. काशीद, रेवदंड्याच्या किनाऱ्यांवर तर सर्रास. ऑस्ट्रेलियात भाजलेल्या लहान मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की कित्येक मुलं सकाळी वाळूवर अनवाणी पळताना भाजत होती. आदल्या रात्रीची शेकोटी वाळूखाली तशीच होती. वाळूनं झाकलेले निखारे आठ तासांनंतरही भाजण्याइतके तापलेले राहतात, पाणी ओतलेले काही मिनिटांत निवतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. तेव्हा पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं, आणि हाताची उलटी बाजू राखेजवळ नेऊन धग लागत नाही ना हे पाहायचं. हे काम कुणाचं, हे संध्याकाळीच ठरवावं, आणि त्या रात्री त्या माणसानं दारू घेऊ नये.

नाशिकला २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. तपोवनात साधुग्राम उभं राहील, तिथे चुली असतील, सिलिंडर असतील, धुनी असतील आणि मैलभर कापड असेल. त्या तयारीत सरकारी यंत्रणा उतरेलच. माझी विनंती पवना, भंडारदरा, मुळशीच्या काठावर चार-सहा तंबू लावणाऱ्या गावकऱ्यांना आहे. अग्निशामक वर्षातून एकदा तपासून, गरज पडली तर भरून घ्यावा लागतो, आणि एकदा खटका दाबला की तो पुन्हा भरावाच लागतो, थोडासाच वापरला असला तरी. मग भरायला देण्याआधी, हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या एखाद्या सकाळी, जुन्या पत्र्यात थोडं वाळकं गवत पेटवावं, भरलेल्या बादल्या शेजारी ठेवाव्यात, आणि तो जुना अग्निशामक कॅम्पवर काम करणाऱ्या पोरांच्या हाती द्यावा. स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या हाती तर नक्की, कारण कढईपाशी त्याच असतात. एकानं पिन ओढावी, दुसऱ्यानं खटका दाबावा, तिसऱ्यानं पाणी मारावं. हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि भरायचा खर्च तसाही व्हायचाच असतो.